नियम लिहिणं सोपं, पोहोचवणं अवघड : कोडक्यूएल पॅकमागची पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्यावर एकेकाळी रसायनांचे कारखाने आणि इंजिनिअरिंगची वर्कशॉप्स होती. आज त्याच पट्ट्यात, ऐरोलीपासून महाप्यापर्यंत, बँका, विमा आणि पेमेंटचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीम बसतात. रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेबद्दल मास्टर डायरेक्शन काढलं. त्यात बँकांना सोर्स कोडच्या तपासणीचीही अट होती, आणि ती अट ओघानेच या टीमच्या टेबलावर येऊन पडली. स्कॅनर, म्हणजे कोड वाचून त्यातले दोष शोधणारं टूल, बसवणं हा त्यातला सोपा भाग. स्कॅनर बसला की महिन्या-दोन महिन्यांत कोणीतरी म्हणतंच, 'हे टूल जगातले दोष शोधतं, आपल्याकडचे नाही.' मग घरचे नियम लिहिले जातात, आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. ते नियम शेकडो रेपोंमध्ये, म्हणजे कोडच्या भांडारांमध्ये, न्यायचे कसे, आणि नेल्यावर एकसारखे ठेवायचे कसे? कोडक्यूएल पॅक, म्हणजे कोडक्यूएल या टूलच्या नियमांचं आवृत्ती लावलेलं गाठोडं, हे त्याचं एक उत्तर, आणि ही त्यामागची गोष्ट.

प्रश्न नवा वाटतो, पण त्याची मुळं बरीच जुनी आहेत. १९७८ साली बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी 'लिंट' हे चुका शोधणारं टूल लिहिलं, तेव्हा नियम आणि टूल वेगळे नव्हतेच. नियम बदलायचा म्हणजे टूलचा कोड बदलायचा.

हे दोन भाग वेगळे व्हायला वीसेक वर्षं गेली. २१ मे २००१ रोजी 'रॅट्स' आणि 'फ्लॉफाइंडर' ही दोन मुक्त टूल्स एकाच दिवशी बाहेर पडली. दोघांच्या कर्त्यांना एकमेकांच्या कामाचा पत्ता लागला होता आणि त्यांनी ठरवून तारीख जुळवली. स्पर्धकांमध्ये असा समजूतदारपणा क्वचितच दिसतो. रॅट्समध्ये धोकादायक फंक्शनांची यादी वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये होती, आणि एक स्विच देऊन आपली स्वतःची फाइल जोडता येत होती. म्हणजे घरच्या नियमांची सोय तेव्हाही होती. पण ती फाइल कुठे ठेवायची, तिची ताजी प्रत कोणाकडे आहे, याचं उत्तर टूलकडे नव्हतं. शिवाय हे नियम फार भोळे. 'स्ट्रकॉपी' हे स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, उतरवणारं फंक्शन दिसलं की ओरडायचं, मग आत जाणारी स्ट्रिंग प्रोग्रामरने स्वतः लिहिलेली असो की बाहेरच्या माणसाने पाठवलेली.

त्याच सुमारास स्टॅनफर्डमध्ये डॉसन एंगलर आणि त्यांचे विद्यार्थी वेगळ्या दिशेने निघाले होते. प्रत्येक सिस्टिमचे स्वतःचे अलिखित नियम असतात, कंपायलरला ते ठाऊक नसतात आणि प्रोग्रामरला असतात, तेव्हा प्रोग्रामरलाच ते लिहू द्या, असं त्यांचं म्हणणं. इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरचे इशारे, बंद असताना झोपी जाऊ शकणारं फंक्शन बोलवायचं नाही, वापरकर्त्याकडून आलेला पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, तपासल्याशिवाय वापरायचा नाही, असे हे नियम. २००० साली त्यांनी दाखवलं की अशा छोट्या छोट्या तपासण्यांतून लिनक्स, ओपनबीएसडी वगैरेंमध्ये मिळून पाचशेहून जास्त चुका सापडतात. यातूनच २००२ मध्ये 'कव्हरिटी' कंपनी निघाली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची कल्पना हीच. पुढे आलं ते बरंचसं तिची सोय लावणं होतं.

ती सोय बाजाराने आपल्या पद्धतीने लावली. 'फॉर्टिफाय' या स्कॅनर विकणाऱ्या कंपनीने नियमांचे गठ्ठे करून ग्राहकांना दिले आणि त्यांत स्वतःचे नियम घालायची मुभा ठेवली. 'चेकमार्क्स' या दुसऱ्या कंपनीने नियम लिहायला स्वतःची क्वेरी, म्हणजे कोडला प्रश्न विचारायची, भाषा दिली. पण घरच्या नियमांचा मुक्काम बहुतेक ठिकाणी टूलच्या सर्व्हरवरच राहिला. कोडला प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट, नियमांना मात्र एक ॲडमिन स्क्रीन. तो नियम कोणी, कधी आणि का बदलला, याची नोंद त्या ॲडमिनच्या डोक्यात. असा माणूस जास्त पगारावर पवईला गेला, की मागे राहिलेल्यांना नियम वाचूनच त्याचा हेतू ओळखावा लागे.

दरम्यान ऑक्सफर्डमध्ये ऊगे द मूर आणि त्यांचे सहकारी कोडकडे डेटाबेस म्हणून बघत होते. फंक्शन, कॉल, व्हेरिएबल हे सगळं तक्त्यांत भरायचं आणि त्यावर डेटालॉग या तर्कावर आधारलेल्या क्वेरी भाषेच्या वळणाची क्वेरी चालवायची. २००६ मध्ये त्यांनी हे मोठ्या प्रोग्रामवरही जमतं हे दाखवलं आणि त्याच सुमारास 'सेमल' कंपनी सुरू झाली. तिची क्यूएल भाषा हीच पुढे कोडक्यूएल. या पद्धतीचं बळ एका जागी छान दिसतं. एखादी चूक सापडली की तिचं वर्णन क्वेरीत लिहायचं आणि त्याच साच्याच्या बाकीच्या चुका अख्ख्या कोडमधून उपसून काढायच्या. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या सॉफ्टवेअरवर, २०१२ मधल्या लँडिंगच्या आधी, नेमकं हेच केलं गेलं होतं.

सप्टेंबर २०१९ मध्ये गिटहबने, म्हणजे गिट रेपो ठेवायची सेवा देणाऱ्या कंपनीने, सेमल विकत घेतली. सप्टेंबर २०२० अखेर गिटहबचं कोड स्कॅनिंग सर्वांसाठी खुलं झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये सॅरिफ २.१.० हा स्कॅनच्या निकालांचा फॉर्मॅट ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक झाला, त्यामुळे कुठल्याही टूलचा निकाल पुल रिक्वेस्टवर, म्हणजे कोडमधला बदल स्वीकारण्याच्या विनंतीवर, त्याच ओळीशी टाचता येऊ लागला. निकालांची वाहतूक सुटली. नियमांची मात्र अजून बाकी होती.

ती किती बाकी होती हे फेब्रुवारी २०२१ मध्ये दिसलं. सोलरविंड्स कंपनीच्या सॉफ्टवेअर अपडेटमध्ये घुसखोरांनी छुपा कोड घातल्याच्या प्रकरणानंतर मायक्रोसॉफ्टने आपला कोड तपासायला वापरलेल्या कोडक्यूएल क्वेरी सर्वांसाठी खुल्या केल्या. उपयोगाची गोष्ट, पण क्वेरी मिळाली म्हणजे चालली असं नव्हतं. क्वेरी ज्या मूळ लायब्ररीवर उभी असते तिची जुळती आवृत्ती हवी, ती कमांड लाइन टूलला सापडेल अशा जागी हवी. नाहीतर क्वेरी कंपाइलच होत नाही. वर्कफ्लोत, म्हणजे स्कॅन आपोआप चालवणाऱ्या फाइलमध्ये, दुसऱ्या रेपोचा आणि त्यातल्या ब्रँचचा (फांदीचा) पत्ता देऊन क्वेरी ओढता येत होती, पण त्या ब्रँचवर कोणी काही ढकललं की सगळ्यांच्या पाइपलाइनवर परिणाम. घरात चार रेपो असताना हे खपतं, चारशे असताना नाही.

२०२१ मध्येच पॅकेजिंगची सोय बीटा म्हणून आली. जावा-जावास्क्रिप्टवाल्यांना मेव्हन आणि एनपीएम या आवृत्तीसकट लायब्ररी आणून देणाऱ्या टूल्समुळे जे कधीपासून अंगवळणी पडलं होतं, ते नियमांना तेव्हा मिळालं. फोल्डरमध्ये क्यूएलपॅक डॉट वायएमएल नावाची छोटी फाइल असते. तिच्यात पॅकचं नाव, म्हणजे आधी संस्था, मग तिरकी रेघ, मग नाव. खाली आवृत्ती, तीन आकड्यांची. मग अवलंबित्वं, उदाहरणार्थ जावासाठी कोडक्यूएलची मूळ लायब्ररी. शेजारी एक लॉक फाइल, ज्यात प्रत्यक्ष वापरलेल्या आवृत्त्या गोठवलेल्या. 'पॅक पब्लिश' म्हटलं की हे सगळं गिटहबच्या कंटेनर रजिस्ट्रीत, म्हणजे पॅकेजांच्या कोठारात, जातं, आणि क्वेरी आधीच कंपाइल होऊन जातात, त्यामुळे टूलची आवृत्ती जुळती असेल तर प्रत्येक स्कॅनमध्ये तो वेळ पुन्हा जात नाही. वर्कफ्लोत भर पडते ती एका ओळीची.

क्वेरीच्या डोक्यावरच्या टिप्पणीतला मजकूरही बिनकामाचा नाही. आयडी, प्रकार, अचूकता, तीव्रतेचा आकडा यांवरच निकाल कुठे आणि किती ठळक दिसेल ते ठरतं. सुरक्षेचा टॅग विसरला तर इंजेक्शनचा, म्हणजे बाहेरचा मजकूर हुकूम म्हणून चालण्याचा, दोष साध्या कोड क्वालिटीच्या रांगेत जाऊन बसतो आणि ऑडिटपर्यंत कोणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

पुढची पायरी मला अधिक कामाची वाटते. आपल्याकडच्या टीमना बहुतेक वेळा नवी क्वेरी नकोच असते. समजा, एका पेमेंट कंपनीत डेटाबेसशी बोलायला घरची जार, म्हणजे जावा लायब्ररीची फाइल, आहे, तिच्यात 'चालवा' नावाची मेथड, आणि सगळ्या सेवा तीच वापरतात. एसक्यूएल इंजेक्शनची तयार क्वेरी जेडीबीसी, म्हणजे जावाची डेटाबेसशी बोलायची ठरलेली पद्धत, ओळखते. पण त्या जारचा सोर्स दुसऱ्या रेपोत असल्याने स्कॅनला तिच्या आतलं दिसत नाही. वेबवरून आलेला मजकूर 'चालवा'पर्यंत येतो आणि वाट तिथेच संपते. निकाल हिरवा, म्हणजे दोष नाही. इलाज म्हणजे मॉडेल पॅक. त्यात क्यूएलची एकही ओळ नाही, फक्त वायएमएलमध्ये नऊ रकान्यांची एक ओळ. पॅकेज, क्लास, मेथड, कितवा आर्ग्युमेंट धोक्याचा, धोका कुठल्या प्रकारचा, अशी माहिती भरली की तयार क्वेरीच पुढचं बघते. जार लिहिणारा डेव्हलपर हे दहा मिनिटांत भरू शकतो, त्याला क्यूएल शिकायची गरज नाही. एंगलर यांनी २००० साली जे ज्ञान प्रोग्रामरकडून काढून घ्यायचं म्हटलं होतं, ते इथे एका ओळीत मावतं.

पॅक आल्याने भांडणं मिटली असं नाही, त्यांची जागा बदलली. वर्कफ्लोत आवृत्ती न लिहिता नुसतं पॅकचं नाव दिलं की सर्वांत ताजी आवृत्ती उतरते. शुक्रवारी संध्याकाळी कोणी नवी क्वेरी प्रकाशित केली तर सोमवारी सगळ्या टीमचे पुल रिक्वेस्ट लाल, आणि फोन सिक्युरिटी टीमला. म्हणून शहाणे लोक छोट्या दुरुस्त्या आपोआप घ्यायच्या आणि मोठा बदल विचारून घ्यायचा, असा आवृत्तीचा पल्ला लिहून ठेवतात. पॅक खाजगी असेल तर ते वाचायची परवानगी वर्कफ्लोच्या टोकनला, म्हणजे ओळख पटवणाऱ्या किल्लीला, द्यावी लागते. बाहेर इंटरनेट नसलेल्या बँकेच्या बिल्ड सर्व्हरवर पॅक आधी उतरवून आत न्यावं लागतं, आणि मग त्याच्या आवृत्तीकडे लक्ष ठेवणं हे पुन्हा कोणाचं तरी काम होतं.

खर्चाचाही भाग आहे. कोडक्यूएलच्या क्वेरी आणि लायब्ररी मुक्त परवान्याखाली असल्या तरी खाजगी कोडवर टूल चालवायला सशुल्क परवाना लागतो. त्यामुळे वागळे इस्टेटमधली वीस माणसांची कंपनी बहुधा सेमग्रेप या दुसऱ्या स्कॅनरकडे वळते. तिथे नियम म्हणजे साधी वायएमएल फाइल, आणि पॅक म्हणजे नियमांचा गिट रेपो नि त्यावरचा टॅग. तिथेही डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने स्वतःच्या नियमांचा परवाना आवळला आणि पुढच्याच महिन्यात ओपनग्रेप हा फाटा, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा झालेला प्रकल्प, निघाला. तयार नियमांवर विसंबलेल्यांना तेव्हा परवाने वाचत बसावं लागलं. ज्यांचे नियम घरचे होते आणि घरच्या रेपोत होते, त्यांना इंजिन कुठलं वापरायचं एवढंच ठरवायचं होतं.