ऑस्ट्रेलियातील कैदी-पूर्वजांचा वंशशोध

ग्रेट ब्रिटन व आयर्लंडमधून सागरपार हद्दपारीची शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियातील वसाहतींत धाडलेल्या कैद्यांचे मूळ, गुन्हा, प्रवास, शिक्षेचा काळ आणि सुटकेनंतरचा संसार यांचा कागदपत्रांवरून घेतलेला मागोवा. १७८८ ते १८६८ या काळात असे सुमारे १,६२,००० कैदी तेथे नेण्यात आले व त्यांत सुमारे २५,००० स्त्रिया होत्या. त्या काळच्या एखाद्या निरपराध शेतमजुराविषयी बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तीन नोंदींपलीकडे सहसा काही हाती लागत नाही. मात्र त्याच्या हद्दपार झालेल्या भावाची उंची, डोळ्यांचा रंग, धंदा, त्याला वाचता-लिहिता येत होते की नाही हे, इतकेच काय, त्याच्या दंडावरचे गोंदणसुद्धा शासनाने टिपून ठेवलेले असते.

अमेरिकेतील वसाहतींत कैदी पाठविण्याची ब्रिटनची प्रथा तेथील स्वातंत्र्ययुद्धामुळे बंद पडली. तुरुंग आणि नदीत नांगरून ठेवलेली ‘हल्क’ नावाची जुनी जहाजे भरून गेल्यावर नवी जागा म्हणून ऑस्ट्रेलियाची निवड झाली. ११ जहाजांचा पहिला ताफा १३ मे १७८७ रोजी पोर्ट्समथहून निघाला आणि २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनीच्या खाडीत वसाहतीची स्थापना झाली. न्यू साउथ वेल्सकडे जाणारा कैद्यांचा ओघ १८४० मध्ये, तर व्हॅन डिमेन्स लँडकडे, म्हणजे आजच्या टास्मानियाकडे, जाणारा १८५३ मध्ये थांबला. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १८५० पासून केवळ पुरुष कैदी पाठविले जात. ‘ह्यूगमाँट’ हे अखेरचे जहाज ९ जानेवारी १८६८ रोजी फ्रीमँटलला पोहोचले. शिक्षा बहुधा ७ किंवा १४ वर्षांची अथवा जन्मभराची असे.

घराण्यात कैदी होता ही गोष्ट अनेक कुटुंबांनी दोन-तीन पिढ्या लपविली. व्हॅन डिमेन्स लँड हे नावच इतके बदनाम झाले होते, की १८५६ मध्ये ते बदलून टास्मानिया करण्यात आले. १८५१ नंतर सोन्याच्या शोधात व्हिक्टोरियात गेलेल्या अनेक माजी कैद्यांनी आपला पूर्वेतिहास सांगितला नाही आणि काहींनी नावही बदलले. तेथील सरकारने अशा लोकांना रोखण्यासाठी १८५२ मध्ये कायदाच केला होता, हे पाहता त्यांचे मौन समजण्यासारखे आहे. परिणामी, आजोबांचे आजोबा खलाशी होते किंवा स्वखुशीने आले होते, अशा घरगुती आख्यायिका पुराव्याअभावी ग्राह्य धरता येत नाहीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही लाज ओसरली. १९६८ मध्ये पहिल्या ताफ्यातील लोकांच्या वंशजांची स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि १९८८ च्या द्विशताब्दीपर्यंत कैदी पूर्वज सापडणे ही मिरविण्याची बाब झाली होती. कैद्यांच्या दप्तराचा समावेश युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत २००७ मध्ये झाला.

शोध नेहमी अलीकडून मागे न्यावा लागतो. जन्म, विवाह व मृत्यू यांची नागरी नोंदणी टास्मानियात १८३८ मध्ये, व्हिक्टोरियात १८५३ मध्ये आणि न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीच्या काळासाठी चर्चच्या नोंदवह्यांवर विसंबावे लागते. व्हिक्टोरिया व न्यू साउथ वेल्स येथील मृत्यूचा दाखला विशेष उपयोगी असतो, कारण त्यात जन्मस्थळ आणि आई-वडिलांच्या नावांबरोबर मृत व्यक्तीने वसाहतींत किती वर्षे काढली हेही विचारलेले असते. त्या आकड्यावरून आगमनाचे वर्ष अंदाजे काढता येते. अर्थात ही माहिती मृताने नव्हे, तर मुलाने किंवा शेजाऱ्याने दिलेली असते, म्हणून ती तपासूनच घ्यावी.

वर्ष कळले तरी जहाज कळल्याशिवाय शोध पुढे सरकत नाही. जॉन स्मिथ किंवा मेरी रायन या नावाचे अनेक कैदी असल्यामुळे वसाहतीचे कारकून प्रत्येक नावापुढे जहाज लिहीत, आणि कैदी सुटला, लग्न झाले, पुन्हा पकडला गेला, तरी ते जहाज आडनावासारखे त्याला चिकटून राही. त्यातही एकच जहाज अनेकदा येत असे. ‘एशिया’सारख्या जहाजाच्या फेऱ्यांना म्हणूनच क्रमांक दिलेले आढळतात. नाव, जहाज व आगमनाचे वर्ष या तिन्ही गोष्टी जुळल्याखेरीज व्यक्तीची ओळख पटली असे मानू नये. नवख्या संशोधकांच्या बहुतेक चुका, केवळ नाव जुळले म्हणून पुढे गेल्याने होतात.

जहाज हाती आले की दप्तर खुले होते. ‘इंडेंट’ म्हणजे कैद्यांना ताब्यात घेतानाची यादी. सुरुवातीच्या याद्यांत नाव, खटल्याचे ठिकाण व शिक्षा एवढेच असते, पण पुढे वय, धर्म, धंदा, जन्मस्थळ आणि शरीरावरील खुणा येऊ लागतात. गोंदलेल्या आद्याक्षरांवरून मागे राहिलेल्या पत्नीचे किंवा भावंडांचे नाव ताडता येते. टास्मानियातील १८४० नंतरच्या याद्यांत तर आई-वडील व भावंडांची नावे आणि त्यांचे वास्तव्यही नमूद आहे. तेथील वर्तनपटांत प्रत्येक कैद्याचे वसाहतीतील गुन्हे आणि त्यांबद्दलच्या शिक्षा क्रमाने लिहिलेल्या आहेत. न्यू साउथ वेल्सची नोव्हेंबर १८२८ ची शिरगणती याच तोडीची आहे. तीत ३६,५९८ व्यक्तींची नोंद असून कोण कैदी म्हणून आला, कोण स्वतंत्रपणे आला आणि कोण वसाहतीतच जन्मला हे सांकेतिक अक्षरांनी दाखविले आहे. पुढील शिरगणत्यांचे तसे नाही. १८८१ ची मूळ कागदपत्रे १८८२ मध्ये सिडनीच्या गार्डन पॅलेसला लागलेल्या आगीत जळाली.

सुटकेच्या कागदांचे प्रकार नीट ओळखणे आवश्यक असते. ‘टिकिट ऑफ लीव्ह’ मिळालेला कैदी ठरावीक जिल्ह्यात स्वतःसाठी काम करू शके, पण तो मुक्त नसे. सशर्त माफी मिळालेल्याला मायदेशी परतता येत नसे. संपूर्ण माफी मिळालेल्यावर असे बंधन नसे. मुक्ततेचा दाखला मुदतीची शिक्षा पुरी करणाऱ्यालाच मिळे, जन्मठेपेच्या कैद्याला नाही. शिक्षा चालू असता विवाहासाठी शासनाची परवानगी लागे आणि अर्ज मंजूर झाले तसेच नामंजूर झालेलेही जतन केलेले आहेत. मायदेशी पत्नी हयात असल्याचे जहाजावरच्या यादीत लिहिलेले असले, की इथला अर्ज फेटाळला जाई; म्हणून कैद्याने पुढे आपण विधुर असल्याचे सांगितले असेल, तर त्यावर लगेच विश्वास ठेवता येत नाही. टास्मानियात कैदी मातांची मुले होबार्टजवळच्या न्यू टाउन येथील अनाथ शाळेत ठेवली जात, त्यामुळे आईच्या दप्तरात न सापडणारे मूल त्या शाळेच्या नोंदीत सापडू शकते.

मायदेशातील बाजू पाहायची तर लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाचे १६७४ ते १९१३ या काळातील खटल्यांचे वृत्तांत आता संगणकावर वाचता येतात. इतरत्र चाललेल्या खटल्यांसाठी त्या त्या परगण्याची दप्तरे व वृत्तपत्रे चाळावी लागतात. आयर्लंडचा शोध अवघड आहे, कारण १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत फार मोठा संग्रह नष्ट झाला. तरी हद्दपारीसंबंधीचे पुष्कळ कागद वाचले आणि त्यांच्या सूक्ष्मपटांच्या प्रती आयर्लंडने १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियाला भेट दिल्या. कैद्यांनी किंवा त्यांच्या नातलगांनी केलेले दयेचे अर्ज या कागदांत आहेत, आणि कुटुंबाची हलाखी, मुलांची संख्या, गावच्या पाद्र्याची शिफारस असे तपशील इतरत्र क्वचितच मिळतात.

न्यायालयाने हद्दपारीची शिक्षा सुनावली म्हणजे ती व्यक्ती ऑस्ट्रेलियात पोहोचलीच, असे होत नाही. कित्येकांनी संपूर्ण शिक्षा हल्कवरच भोगली, काहींना माफी मिळाली, काही वाट पाहता पाहता मरण पावले. म्हणून निकालपत्रातले नाव आणि वसाहतीतले नाव यांच्यामधला दुवा, म्हणजे हल्कच्या नोंदवहीतील ‘जहाजावर रवाना’ हा शेरा, शोधून काढावाच लागतो.