वाफा, गाव आणि ‘नेहमीची सेवा’

अमेरिकी उद्योगपतींच्या दाननिधीतून १९४३ मध्ये मेक्सिकोत गव्हावर काम सुरू झाले. १९६० मध्ये फिलिपिन्समधील लोस बान्योसला भातसंशोधन केंद्र उभे राहिले, आणि १९६६ मध्ये भारताने मेक्सिकन गव्हाचे १८,००० टन बियाणे मागवले. पुढची हरित क्रांतीची कथा सर्वांना पाठ आहे. कमी बोलले जाते ते शेतातून दवाखान्यात आलेल्या पद्धतीबद्दल. काही वाफ्यांना खत द्यायचे, काही तसेच ठेवायचे, आणि कोणता वाफा कुठे हे नशिबावर सोडायचे, ही रीत १९२० च्या दशकात इंग्लंडमधील एका शेती संशोधन केंद्रात पक्की झाली. औषधांच्या चाचण्यांनी ती नंतर उचलली.

ही रीत आपल्या दारात आली ती १९९९ मध्ये, उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एकदाच केलेली तपासणी किती उपयोगी पडते, हे पाहायचे होते. पैसा सॉफ्टवेअरमधून श्रीमंत झालेल्या एका कुटुंबाच्या निधीचा. काम मुंबई आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयांचे. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया त्यांत आल्या. कोणत्या गटाला काय, हे नशिबावर सोडले. काही गटांत या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची (एचपीव्ही) चाचणी, काहींत पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), काहींत व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागाला ‘नेहमीची सेवा’.

या प्रयोगावरचा सगळा वाद या दोन शब्दांचा आहे. ‘नेहमीची’ म्हणजे कुठली? जिल्ह्यात अशी नियमित तपासणी नव्हतीच. चौथ्या भागातल्या बायकांना माहिती दिली गेली आणि तपासून घ्यायचे तर कोणत्या रुग्णालयात जायचे ते सांगितले गेले. प्रयोग करणाऱ्यांचे म्हणणे, होते ते आम्ही काढून घेतले नाही. टीकाकारांचे म्हणणे, तपासणी उपयोगी असते हे श्रीमंत देशांत कधीच सिद्ध झाले होते, मग इथे काहीच न देणारा भाग का ठेवला? दोन्ही बाजू ऐकूनही मला दुसरी जड वाटते. खत न दिलेल्या वाफ्याची संमती कोणी मागत नाही, इथे माणसे होती.

२००९ मध्ये निकाल छापून आला. विषाणू-चाचणीच्या भागात ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या कर्करोगाने गेल्या, न तपासलेल्या भागात ३१,४८८ पैकी ६४. पॅप आणि व्हिनेगरच्या भागांत मात्र मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही. जगाच्या तपासणी-धोरणात हे आकडे आजही उद्धृत होतात, त्यामुळे हा प्रयोग निरुपयोगी होता असे कोणालाच म्हणता येणार नाही.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक तपासणीची पद्धत ठरवली, ती व्हिनेगरची. तमिळनाडूतील दिंडिगुलच्या प्रयोगात तिने मृत्यू घटवले होते, शिवाय ती स्वस्त. उस्मानाबादेत मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणणारी विषाणू-चाचणी त्या सूचनांत मागे राहिली.