सॅन्टोरिनीच्या वाइनमध्ये ज्वालामुखीची चव उतरते का?

ग्रीसमधील सॅन्टोरिनी बेटावरच्या असिर्तिको या स्थानिक द्राक्षाची पांढरी वाइन चाखताना जिभेवर जाणवणारा खारट, गारगोटीसारखा स्वाद म्हणजे मुळांनी ज्वालामुखीच्या खडकातून शोषून घेतलेली खनिजेच होत, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. खडकातील खनिजांना स्वतःचा वास जवळपास नसतोच. मुळे पाण्यात विरघळलेले पोटॅशियम, कॅल्शियम यांसारखे घटक तेवढे घेतात आणि वाइनमध्ये त्यांचे प्रमाण इतके अल्प असते की त्यांची वेगळी चव सहसा ओळखू येत नाही, हे भूवैज्ञानिक अ‍ॅलेक्स माल्टमन यांनी वारंवार मांडले आहे. गारगोट्या एकमेकींवर घासल्यासारखा वास बहुधा गंधकयुक्त संयुगांचा असतो.

ज्वालामुखीचे खरे काम वेगळेच आहे आणि माझ्या मते ते अधिक थक्क करणारे आहे. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीच्या महास्फोटातील राखेच्या या जमिनीत चिकणमाती जवळजवळ नाही, त्यामुळे मुळांवर जगणाऱ्या फिलॉक्सेरा किडीचा येथे टिकाव लागला नाही आणि वेली कलमाविना स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. मातीत पोटॅशियम कमी असल्याने द्राक्षाची आम्लता टिकून राहते. ती धारदार चवच पुष्कळांना ‘खनिज’ वाटते. झोंबऱ्या वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून शेतकरी छाटणीच्या वेळी फांद्या गोल गुंफून जमिनीलगत टोपली घडवतात आणि घड तिच्या आत, पानांच्या सावलीत पिकतात.