'विभागून' आणि 'बदल्यात': पत्त्यांच्या स्पर्धेतली वाटणी आणि लाच

नाशिकच्या कॉलेज रोडवरचा एक छोटा हॉल, रविवारची संध्याकाळ, सोळा खेळाडूंची 'मॅजिक द गॅदरिंग'ची स्पर्धा. चार राउंड स्विस पद्धतीचे (हरलेला बाहेर जात नाही, दर राउंडला साधारण सारख्या गुणांचे समोरासमोर येतात), पुढे बाद फेरी नाही. बक्षीस बूस्टर पाकिटांचं, म्हणजे खेळाच्या पत्त्यांच्या बंद पाकिटांचं: पहिल्याला १२, दुसऱ्याला ८, तिसऱ्या-चौथ्याला थोडीफार. चौथ्या राउंडला पहिल्या टेबलावर तीन-तीन मॅच जिंकलेले दोघं समोरासमोर आले. त्यातल्या धाकट्याला सिन्नरची बस गाठायची होती. डेक (आपला पत्त्यांचा गठ्ठा) पिसता पिसता तो म्हणाला, "दादा, तुम्ही मॅच सोडा ना. मी तुम्हाला निम्मी पाकिटं देतो." समोरचा हसला. "चालेल की. दहा-दहा."

त्या दिवशी जज मी होतो आणि दोन टेबलं पलीकडे उभा होतो. दोघांनाही ती मॅच हरल्याची शिक्षा द्यावी लागली. तीन राउंड उत्तम खेळलेला तो पोरगा रडवेला झाला. "काका, आम्ही फक्त वाटून घेत होतो! वाटून घेतलेलं चालतं असं तुम्हीच मागच्या वेळी सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं, पण अर्धवट. ते माझं चुकलं. तेव्हापासून मी हा विषय प्रत्येक स्पर्धेआधी समजावतो. इथेही सविस्तर लिहितोय, कारण या गोंधळात सापडलेले बहुतेक जण मुळात लबाड नसतात.

दोन्ही गोष्टी वरून सारख्याच दिसतात. तीच दोन माणसं, तीच वीस पाकिटं, शेवटी दोघांच्या पिशवीत दहा-दहा. फरक शोधायचा तो बोललेल्या वाक्यात. "आपण निम्मं-निम्मं करू या का?" ही वाटणी. "तू मॅच सोडलीस तर निम्मं तुझं" ही लाच. वाक्यात 'तर' आला आणि त्या 'तर'च्या एका बाजूला निकाल, दुसऱ्या बाजूला बक्षीस बसलं, की विषय संपला. 'तर' उघड उच्चारायलाच हवा असंही नाही. "बघ, तुझं काय म्हणणं? मी काही तुला विसरणार नाही," असं सूचक बोललं तरी जजच्या कानाला तो ऐकू येतो.

मॅजिकच्या स्पर्धानियमांत ५.२ क्रमांकाचं कलम याच विषयाचं आहे. त्याचा आशय मराठीत सांगायचा तर असा: मॅच सोडणं (म्हणजे हार मान्य करणं), ठरवून ड्रॉ करणं किंवा स्पर्धेतून बाहेर पडणं, यातला कुठलाही निर्णय कसल्याही मोबदल्यासाठी घ्यायचा नाही, आणि तसा मोबदला देऊही करायचा नाही. खेळातल्या एखाद्या चालीलाही हेच लागू. त्याच कलमात पुढे म्हटलंय की चालू स्पर्धेत अजून हातात न पडलेली बक्षिसं खेळाडूंनी हवी तशी वाटून घ्यावीत, मॅचच्या आधी ठरवावं किंवा मॅच चालू असताना ठरवावं. अट इतकीच, की ती वाटणी कुठल्या निकालाच्या बदल्यात नसावी. म्हणजे वाटणीला परवानगी आहे, मनाई सौद्याला आहे.

त्या दोघांच्या बाबतीत मनाला लागणारी गोष्ट वेगळीच आहे. त्यांना जे हवं होतं ते नियमात राहून मिळत होतं. स्विसमध्ये विजयाला ३ गुण, ड्रॉला १. दोघांचे ९-९ होते. ठरवून ड्रॉ केला असता तर १०-१० झाले असते, आणि मागच्या ६ गुणवाल्यांना जिंकूनही ९च्या वर जाता येत नव्हतं. पहिले दोन क्रमांक त्यांचेच होते. पाकिटं निम्मी-निम्मी करायची असं ठरवायला मोकळीक होती, ड्रॉ करायलाही मोकळीक होती. दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधल्या नसत्या, तर धाकट्याला साडेसहाची बस दहा पाकिटांसह मिळाली असती. त्याऐवजी दोघंही ९ गुणांवर अडकले आणि मागून जिंकून आलेल्यांबरोबर टायब्रेकच्या (सारखे गुण असताना क्रमांक ठरवणाऱ्या) आकड्यांत गेले.

घरात रमी खेळून आलेल्यांना हे पटायला वेळ लागतो, आणि ते मी समजू शकतो. १०१ किंवा २०१च्या पूल रमीत शेवटी उरलेले दोघं-तिघं पॉट वाटून घेतात, तो त्या डावाचाच भाग असतो. पोकरच्या स्पर्धांतही शेवटच्या टेबलावरचे खेळाडू समोरच्या चिप्स मोजून उरलेल्या पैशाची वाटणी ठरवतात. पण तिथे वाटणाऱ्यांखेरीज कुणी शर्यतीत उरलेलंच नसतं. स्विसमध्ये तसं नसतं. एका टेबलावरचा निकाल दहा टेबलांवरच्या माणसांचं नशीब हलवतो.

समजा २४ खेळाडू, पाच राउंड, मग टॉप एट, म्हणजे पहिल्या आठांची बाद फेरी. शेवटच्या राउंडला एक जण उंबरठ्यावर आहे, त्याच्यासमोरचा टॉप एटच्या शर्यतीतून आधीच बाहेर पडलाय. उंबरठ्यावरचा म्हणतो, "तुला आता काय फरक पडतो? सोड, दोन पाकिटं देतो." त्या दोघांचं कुणाचंच नुकसान नाही. नुकसान नवव्याचं आहे. तो तिकडे पाचव्या टेबलावर घाम गाळून खेळतोय, जिंकतोय, आणि तक्ता लागल्यावर त्याला कळणार आहे की आपण एका गुणाने बाहेर. का, ते त्याला कधीच कळणार नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे कांद्याच्या लिलावावरून चटकन कळतं. दोन व्यापाऱ्यांनी मिळून एक ट्रॅक्टर कांदा घेतला आणि नफा निम्मा-निम्मा केला, तर ती भागीदारी. पण लिलाव चालू असताना एकाने दुसऱ्याच्या कानात "तू बोली चढवू नकोस, तुझं मी बघतो" म्हटलं, की पैसे त्या दोघांत वाटले जातात आणि भाव पडतो तो ट्रॅक्टरशेजारी उभ्या शेतकऱ्याचा. स्पर्धेतला नववा म्हणजे तो शेतकरी.

आणि कुस्तीचं उदाहरण तर घरचंच. माझ्या मामाच्या गावच्या जत्रेत शेवटची कुस्ती लांबली, अंधार पडला, की पंच ती बरोबरीत सोडवत आणि इनाम दोघांना विभागून देत. गाव टाळ्या वाजवत असे. पण पैलवानांनी आतून ठरवून एकाने पाठ टेकली असा नुसता संशय आला, तरी 'नुरा कुस्ती' म्हणून तोच गाव फेट्यासकट परत पाठवी. प्रशस्तिपत्रकावर 'प्रथम क्रमांक (विभागून)' लिहिलेलं असतं, त्यात कमीपणा काहीच नाही. विभागून हा शब्द निकालानंतर येतो किंवा निकालाला बाजूला ठेवून येतो. बदल्यात हा शब्द निकालाच्या आत शिरतो.

आता नियमातली एक गोष्ट जी नव्या माणसाला हमखास खटकते. मित्राला पुढे जाऊ द्यावं म्हणून फुकटात मॅच सोडलेली चालते. तेव्हाही नववा बाहेरच जातो, मग ते कसं चालतं? मला वाटतं, कुणाला खुर्चीला बांधून खेळायला लावता येत नाही, म्हणून ते चालू द्यावं लागतं. माझी मॅच, मी उठून जाईन. पण ते उठून जाणं विकाऊ झालं की दर रविवारी शेवटच्या राउंडला बाजार भरेल, आणि ज्याच्या खिशात जास्त पाकिटं तो टॉप एटमध्ये. मैत्रीखातर सोडलेल्या मॅचची मोजदाद करणं जजच्या हातात नाही. सौद्याला मात्र बोलावं लागतं, आणि बोललेलं पकडता येतं.

बाद फेरीचा अंतिम सामना मात्र अपवाद आहे. जाहीर केलेल्या बाद फेरीच्या शेवटच्या राउंडमध्ये दोघं स्पर्धेची बक्षिसं हवी तशी वाटून घेऊ शकतात, आणि त्या करारात एकाने ड्रॉप व्हायचं, म्हणजे स्पर्धेतून बाहेर पडायचं असतं. पुढच्या मोठ्या स्पर्धेचं आमंत्रण पहिल्या क्रमांकाला असेल, तर "जागा तू घे, पाकिटं जास्त मी घेतो" हेही बसतं. हेच वाक्य उपांत्य फेरीत बोललात तर लाच. अंतिम सामन्यात नववा कुणी उरलेला नसतो, हे त्यामागचं कारण मला दिसतं. तिथेही वाटायची ती स्पर्धेचीच बक्षिसं. वर खिशातले पाचशे रुपये किंवा बाइंडरमधलं (स्वतःच्या संग्रहातलं) एखादं कार्ड देऊ केलं, की अपवाद संपला.

आणि इथेच नाशिकसारख्या ठिकाणी सगळ्यात जास्त घोळ होतो. आमच्या बहुतेक स्पर्धा नुसत्या स्विसच्या. शेवटच्या राउंडचं पहिलं टेबल फायनलसारखं दिसतं, सगळे त्याभोवती गोळा होतात, सगळे त्याला 'फायनल' म्हणतात. पण बाद फेरीच नसेल तर ती फायनल नव्हे, आणि अपवाद तिला लागू नाही. सिन्नरचा तो पोरगा नेमका याच खड्ड्यात पडला. टॉप एटमधल्या आठही जणांनी बक्षीस समान वाटून घ्यायचं असेल तर तोही मार्ग आहे: बाद फेरी हवी, बक्षिसात फक्त रोख किंवा न उघडलेली पाकिटं हवीत, आयोजकाची परवानगी हवी आणि उरलेला प्रत्येक जण राजी हवा. एकाने नकार दिला की बारगळलं.

नाणं उडवून निकाल ठरवणं, फासा टाकणं, पंजा लढवणं, तेही नाही. "बरोबरीत काय अर्थ आहे, फाशावर बघू" हे बोलणं किती निरागस असतं! पण शिक्षा लाचेइतकीच. मॅचवर पैज लावली तरी तेच. कडक नियमांच्या स्पर्धेत हे अजाणता झालं तर मॅच जाते. नियम माहीत असून केलं तर ती फसवणूक, आणि माणूस स्पर्धेतूनच बाद होतो.

यात एक बाजू आपल्या स्वभावाला फार जड जाते. लाच देऊ करणाऱ्याबरोबर ऐकणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे, त्याने ताबडतोब जजला बोलावलं नाही तर. नुसतं "नको रे" म्हणून पत्ते पिसायला घेतले तरी भागत नाही. आपल्याकडे हात वर करून 'जज' म्हणणं म्हणजे चुगली वाटते. समोरचा ओळखीचा असतो, वयाने लहान असतो, मघाशीच सोबत मिसळ खाल्लेली असते. मी स्वतः खेळत असताना एकदा असंच गप्प बसलो होतो. समोरच्याने हळूच विचारलं, मी मान हलवून नाही म्हटलं आणि खेळत राहिलो. पकडले गेलो नाही. पण त्याने पुढच्या राउंडला दुसऱ्या कुणाला तरी तेच विचारलं असणार, आणि तो कदाचित हो म्हणाला असेल. हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्यामुळे आता मी मुलांना सांगतो, हात वर करताना समोरच्यावर राग धरू नका, "जज, यांनी असं असं विचारलं" एवढंच सांगा. पुढचं काम आमचं.

वाटणी करायची असेल तर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तोंड उघडायच्या आधी जजला हाक मारायची. "आम्हाला बक्षीस वाटून घेण्याबद्दल बोलायचंय, काय बोललेलं चालेल?" हा प्रश्न कधीच गुन्हा नाही. जज शेजारी उभा असला की जीभ घसरत नाही.

वाटणी ठरली तरी आयोजक बक्षीस देतो ते क्रमांकाप्रमाणेच. पुढची देवघेव दोघांच्या शब्दावर. रोख रकमेत एक गोष्ट आधीच बोलून घ्या: पत्त्यांच्या खेळातल्या बक्षिसावर आयकर ३० टक्के आहे आणि १० हजारांच्या वरच्या बक्षिसातून तो आधीच कापला जातो, ज्याच्या नावावर बक्षीस आहे त्याच्या हिशेबात. निम्मं कापण्याआधीच्या रकमेचं की हातात आलेल्या रकमेचं, यावरून मैत्री तुटायला नको. आणि कुणी मला विचारतं, "लाच म्हणजे पोलीस येणार का?" भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ हा लोकसेवकांच्या लाचेसाठी आहे. इथली लाच खेळाच्या नियमातली, आणि तिची शिक्षाही खेळातलीच.

तो पोरगा दोन महिने आला नाही. मग एका रविवारी परत आला, त्या वेळी बाद फेरी होती, आणि तो फायनलला पोहोचला. समोर एक कॉलेजची मुलगी. बसल्या बसल्या त्याने हात वर केला. मी गेलो. "काका, पहिल्याला २४ आणि दुसऱ्याला १२ आहेत. आम्हाला अठरा-अठरा करायचीत. पण ड्रॉप कुणी होणार नाही, आम्हाला खेळायचंय. चालेल ना?"

चालेल म्हटलं; ही साधी वाटणी होती, निकालाला बांधलेली नव्हती. मुलीने विचारलं, "मग हरलं तरी अठराच ना?" तो म्हणाला, "अठराच." बस निघून गेली होती, पुढची तासाभराने होती. त्याने डेक पिसून कट करायला तिच्यापुढे ठेवला.