बेलफास्टचं भांडण बायबलवरून नव्हतं

उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्ट. तिच्याबद्दल ‘कॅथलिक आणि प्रोटेस्टंट बायबलवरून भांडले, म्हणून बेलफास्टमध्ये त्यांच्या वस्त्यांमध्ये भिंती उभ्या राहिल्या’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. पंथांची नावं खरी असल्यामुळे तो सहज पटतो.

मूळ वाद मात्र उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये राहणार की आयर्लंडमध्ये जाणार, हा. घरं, नोकऱ्या, मतदान यांतल्या भेदभावाने तो चिघळला. पंथावरून माणूस कोणत्या बाजूचा, एवढं ठरे: प्रोटेस्टंट बहुधा ब्रिटनच्या, कॅथलिक बहुधा आयर्लंडच्या.

पडताळायचं तर 1998चा शांतता करार वाचा, तो इंटरनेटवर आहे. त्यात सार्वमत, नागरिकत्व, पोलीस, कैदी, शस्त्रं सापडतील. धर्मतत्त्वांवर एकही कलम नाही. बेलफास्टमधल्या फॉल्स (कॅथलिक वस्ती) आणि शँकिल (प्रोटेस्टंट वस्ती) या रस्त्यांमधली 1969पासूनची भिंत करारानंतरही राहिली. तिथली काही फाटकं रात्री बंद होतात.