वल्हं एकच, खेळ दोन: रोइंग आणि कयाकिंग

टीव्हीवर रोइंगची शर्यत चालू होती. देवबागचा माझा भाचा एकटक बघत होता. मध्येच विचारतो, "मामा, ह्यो पाठ फिरवून कित्याक बसलो?" त्यानं कर्लीच्या खाडीत पर्यटकांच्या कयाक पाहिलेल्या, त्यातली माणसं तोंड पुढे करून जातात. मराठी बातम्यांत दोन्हींना सरसकट 'नौकानयन' म्हणतात आणि हातातल्या लाकडाला 'वल्हं', म्हणून घोटाळा होतोच. पण खरा फरक त्या वल्ह्यातच आहे.

रोइंगमध्ये वल्हं होडीला जखडलेलं असतं. आपल्या जुन्या होड्यांत खुंटीला दोरीच्या वेढ्यात अडकवतात, तसंच. खुंटी टेकू होते आणि वल्हं तरफेसारखं चालतं. पाय रोवून, पाठ ताणून मागे ओढताना माणसाची सगळी ताकद लागते, म्हणून तो होडीच्या जाण्याच्या दिशेला पाठ करून बसतो. कयाकचं वल्हं कशालाच बांधलेलं नसतं. दोन्ही टोकांना पाती, मधला दांडा दोन्ही हातांत, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. (एकाच पात्याचं वल्हं घेऊन गुडघ्यावर बसून शर्यत मारतात ती कनू.)

हा फरक पोटापाण्यातून आला. आधुनिक रोइंग वाढलं लंडनच्या थेम्स नदीवर, भाडं घेऊन उतारू नेणाऱ्या नावाड्यांमध्ये. आपल्या खाड्यांतले तरीवालेच म्हणा ना! थॉमस डॉगेट या नटानं 1715 मध्ये शिकाऊ उमेदवारी संपवलेल्या तरुण नावाड्यांसाठी शर्यत लावली. बक्षीस होतं लाल कोट आणि चांदीचा बिल्ला. ती शर्यत आजही होते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे विद्यार्थी एकमेकांविरुद्ध पाण्यात उतरले ते पुढे 1829 मध्ये. 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या रोइंगच्या शर्यती खराब हवामानामुळे रद्द झाल्या. समुद्रापुढे कुणाचं चालत नाही, हे कोकणात वेगळं सांगायला नको. पदकं मिळू लागली 1900 पासून.

कयाक मात्र शिकाऱ्याची. आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांनी किनाऱ्याला वाहून आलेल्या लाकडाचा आणि हाडांचा सांगाडा करून त्यावर सीलचं कातडं ताणून ती बनवली. समोरच्या सीलवर नजर ठेवायची तर पाठ करून कसं चालेल? स्कॉटिश वकील जॉन मॅकग्रेगर 1865 मध्ये अशाच धर्तीच्या होडीतून युरोप फिरला, आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये तिचा क्लब निघाला. कयाक आणि कनू ऑलिंपिकमध्ये पदकांसाठी आल्या 1936 मध्ये.

दत्तू भोकनळ हा रोइंगचा. दुष्काळी चांदवड तालुक्यातला हा गडी लष्करात वल्हं धरायला शिकला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. ती शर्यत 2000 मीटरची, आणि त्याला मागे पडलेले दिसत होते, पुढे गेलेले नाहीत. भाच्याला हे सांगितलं, तर तो उठून पाटावर उलटा बसला आणि मान वळवून वळवून मागे बघू लागला.