स्लीप ॲप्नियावरील मुखोपकरण

झोपेत खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे, दातांवर बसवायचे साधन. झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या विकारावर, म्हणजे स्लीप ॲप्नियावर, ते वापरतात. दातांचे डॉक्टर प्रत्येकाच्या मापाने ते बनवून घेतात. ‘रात्रीची कवळी’ म्हटले की सातारा-सांगलीकडच्या माणसाला चटकन कळते. पण कवळी पडलेल्या दातांची जागा घेते, तर हे उपकरण शाबूत दातांना धरून राहते. दातच खिळखिळे असतील तर त्याला आधार कुठला?

झोप लागली की घशाचे स्नायू सैलावतात. माणूस उताणा असेल तर जीभ आणि मऊ टाळू मागे कलतात आणि हवेची वाट चिंचोळी होते. त्या चिंचोळ्या वाटेतून हवा जाताना घोरणे ऐकू येते. वाट मिटलीच तर घोरणेही थांबते. अशी किमान 10 सेकंदांची शांतता म्हणजे एक श्वासरोध. मग मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस गचका देऊन श्वास घेतो आणि पुन्हा घोरू लागतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. ताशी 5 ते 15 अडथळे म्हणजे सौम्य विकार, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र. घरचे मात्र ‘काय डाराडूर झोपलाय’ म्हणतात. खरे तर त्याला गाढ झोप मिळतच नसते. रक्तदाब वाढतो आणि दिवसा पेंग येते. पुणे-बंगळूर महामार्गावर गाडी चालवणाऱ्याला किंवा गळीत हंगामात रात्री उसाचा ट्रॅक्टर कारखान्यावर नेणाऱ्याला ही पेंग जिवावर बेतू शकते.

जबडा पुढे आला की त्याला जोडलेली जीभही पुढे येते आणि घसा मोकळा होतो. बेशुद्ध माणसाचा जबडा भूलतज्ज्ञ हाताने पुढे ओढतात, त्यामागेही हेच तत्त्व. फ्रान्सचे दंतवैद्य पिएर रोबँ यांनी लहान जबड्याच्या आणि जीभ मागे पडणाऱ्या बालकांविषयी 1923 मध्ये लिहिले. जबडा पुढे धरणारे उपकरणही त्यांनी वापरले होते. प्रौढांच्या श्वासरोधासाठी जीभ पुढे ओढून धरणारे साधन 1982 मध्ये अमेरिकेत मांडले गेले. त्याच्या आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी सीपॅप, म्हणजे मुखवट्यातून दाबाने हवा देणारे यंत्र, पुढे आणले होते.

निदान मात्र दातांच्या डॉक्टरांनी करायचे नसते. आधी झोपेची तपासणी होते आणि निद्राविकारांची जाण असलेले फिजिशियन, छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसातज्ज्ञ उपचार ठरवतात. नंतर दातांचे माप घेतले जाते. खरे कसब चाव्याची, म्हणजे वरचे-खालचे दात कसे जुळतात याची, नोंद घेण्यात असते. पेशंटला खालचा जबडा जमेल तेवढा पुढे काढायला सांगतात, पट्टीने ते अंतर मोजतात आणि साधारण त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करतात. वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे दोन साचे तयार होतात. ते पेचाने किंवा पट्ट्यांनी जोडलेले असतात. पुढचे काही आठवडे थोडी थोडी किल्ली फिरवून जबडा मिलिमीटरच्या अंशाअंशाने पुढे नेला जातो. ही चिकाटी नसेल तर महागडे उपकरणही कपाटात पडून राहते. घोरणे थांबले म्हणून घरचे खूश होतात, पण घोरणे थांबूनही श्वास अडत असू शकतो. म्हणून उपकरण घालून तपासणी पुन्हा करणे टाळू नये.

आता दातांचा प्रश्न. दोन्ही जबड्यांत पुरेसे घट्ट दात आणि निरोगी हिरड्या लागतात. सातारा-सांगली भागात मिश्री लावण्याची सवय जुनी आहे. ती आणि तंबाखू यांनी हिरड्या पोखरल्या असतील तर आधी त्यांचे उपचार करावे लागतात. सुपारी-गुटख्याने तोंड आखडलेल्या माणसाचे तर माप घ्यायलाही तोंड पुरेसे उघडत नाही. पूर्ण कवळीवाल्यांना आणि जबड्याच्या सांध्याचे जुने दुखणे असणाऱ्यांना हे उपकरण सहसा चालत नाही. मेंदूकडून श्वासाचा संदेशच न येण्याच्या प्रकारात त्याचा उपयोग नाही. सांगली आणि कराड येथे दंत महाविद्यालये आहेत, आणि मिरज तर रुग्णालयांचेच गाव. तेव्हा हिरड्यांच्या उपचारांसाठी लांब जायचे कारण नाही.

श्वासरोधांची संख्या घटवण्यात सीपॅप वरचढ आहे, त्यामुळे तीव्र विकारात पहिली पसंती त्यालाच. पण मुखवटा सहन न होणाऱ्या किंवा दुसरा उपाय हवा असणाऱ्या प्रौढांना मुखोपकरण द्यावे, असे अमेरिकेतील तज्ज्ञ संघटनांनी 2015 मध्ये सुचवले. त्याला वीज लागत नाही, हा गुण इकडे विशेष मोलाचा. विटा-खानापूरचा गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळणारा, व्यावसायिक परमुलखात जाताना ते खिशात नेऊ शकतो. माउलींच्या पालखीसोबत लोणंद-फलटणला तंबूत मुक्काम करणाऱ्या वारकऱ्यालाही ते वापरता येते. अर्थात, शेजारच्या वारकऱ्याचे घोरणे त्याने थांबत नाही.

सुरुवातीला लाळ सुटते, तोंड कोरडे पडते, दात आणि सांधा ठणकतो. सकाळी उपकरण काढल्यावर काही वेळ दाढा जुळत नाहीत. न्याहारीच्या भाकरीचा पहिला घास पुढच्या दातांनीच चावल्यासारखा वाटतो. चावण्याचा व्यायाम केला की बहुधा हे जाते. पण वर्षानुवर्षांच्या वापराने खालचे पुढचे दात बाहेर कलू शकतात आणि चावा कायमचा बदलू शकतो, ही कल्पना पेशंटला आधीच द्यायला हवी.

उपकरण रोज मऊ ब्रशने, गार किंवा कोमट पाण्याने धुवावे. बंबातल्या कढत पाण्यात टाकले तर ते वाकडे होते, आणि मग माप पुन्हा पहिल्यापासून.